गैरसोयीचा हिशेब कोणाच्या खात्यावर?

न्यूयॉर्कच्या सिटीबँकेला ११ ऑगस्ट २०२० रोजी रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या धनकोंना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज पोचते करावयाचे होते. प्रत्यक्षात त्या दिवशी धनकोंच्या खात्यांवर जवळजवळ ९० कोटी डॉलर जमा झाले. कर्ज रेव्हलॉनने घेतलेले, बँक केवळ त्या कर्जव्यवहाराची प्रशासक. परंतु गेलेला पैसा मात्र बँकेच्या स्वतःच्या तिजोरीतला. या प्रकारात लबाडी नव्हती, चोरी नव्हती आणि संगणकात बिघाडही झालेला नव्हता. संगणकाने त्याला जे सांगितले गेले तेच निमूटपणे केले. त्याला काय सांगावयाचे हे मात्र सांगणाऱ्यांना नीट उमगलेले नव्हते, आणि ते उमगू नये अशीच त्या पडद्याची रचना होती.

ही रचना थोडी समजून घेण्यासारखी आहे. काही धनकोंचे तेवढे व्याज द्यावयाचे आणि मुद्दलाला हात लावावयाचा नाही, ही बँकव्यवहारातील अगदी साधी गरज. परंतु बँकेच्या संगणक प्रणालीत ती सरळपणे भागविण्याची सोय नव्हती. म्हणून सगळे कर्जच फिटत आहे असे प्रणालीला भासवावयाचे आणि मुद्दलाची रक्कम बाहेर न जाता बँकेच्या एका अंतर्गत खात्याकडे वळवावयाची, अशी आडवाट कर्मचाऱ्यांनी स्वीकारलेली होती. रक्कम वळविण्यासाठी पडद्यावर तीन चौकटी होत्या : 'प्रिन्सिपल', 'फ्रंट' आणि 'फंड'. तिन्हींत खूण करून खाते क्रमांक भरणे आवश्यक होते. मुद्दल अडवावयाचे तर 'प्रिन्सिपल' म्हणजे मुद्दल या चौकटीत खूण केली की पुरे, असे कोणाही समंजस माणसाला वाटेल. तसेच ते वाटले. नोंद करणारा आणि ती तपासणारा हे दोघे भारतात बसून ठेकेदार कंपनीसाठी काम करीत होते, अंतिम मंजुरी देणारा बँकेचा अधिकारी अमेरिकेत होता. तिघांच्या सहा डोळ्यांखालून नोंद गेली आणि तिघांचाही समज एकच होता. पैसा बँकेबाहेर जात आहे, पुढे जावयाचे काय, असा इशारा संगणकाने दिला होता. पण किती पैसा जात आहे ते त्यात नव्हते. व्याजापोटी काही रक्कम बाहेर जाणारच होती. तेव्हा त्या प्रश्नाला 'होय' याखेरीज दुसरे उत्तर कोणी कसे द्यावे?

दुसऱ्या दिवशी घोटाळा उघडकीस आला. काही धनकोंनी पैसे परत केले. उरलेल्यांनी सुमारे ५० कोटी डॉलर ठेवून घेतले. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायाधीश जेसी फर्मन यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. एवढ्या मोठ्या बँकेच्या हातून एवढी मोठी चूक होईल अशी शंका धनकोंना येण्याचे कारण नव्हते, हा त्या निकालातील एक महत्त्वाचा धागा होता. सप्टेंबर २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरविला आणि बँकेचा जीव भांड्यात पडला. तोवर दोन वर्षे गेली होती. वकिलांच्या बिलांची आणि जगभर झालेल्या हशाची किंमत ज्याची त्याने करावी.

या कथेला मुंबईचा एक धागा आहे. 'फ्लेक्सक्यूब' ही ती प्रणाली मूळची येथलीच. सिटीकॉर्पनेच मुंबईत काढलेल्या संगणक कंपनीतून पुढे 'आय-फ्लेक्स सोल्यूशन्स' उभी राहिली, तिच्या या उत्पादनाने देशोदेशींच्या बँका पादाक्रांत केल्या, आणि २००५ मध्ये सिटीचा तिच्यातील हिस्सा ओरॅकलने घेतला. जगातील बँका जे विकत घेतात ते सुमार नसते, हे मान्य केले पाहिजे. हिशेब बिनचूक, वेग उत्तम, सुरक्षितता कडेकोट. खरेदीच्या वेळी तपासल्या जाणाऱ्या साऱ्या कसोट्यांना अशी प्रणाली उतरते. फक्त तिच्यासमोर आठ तास बसणाऱ्या माणसाला ती कळते का, ही कसोटी त्या यादीत बहुधा नसते. यादी करणारा अधिकारी त्या पडद्यासमोर कधीच बसणार नसतो. खरेदी करणारा वेगळा आणि वापरणारा वेगळा, ही या साऱ्या दुखण्याची मुळी आहे.

अशा प्रसंगानंतर चौकशीचा निष्कर्ष 'मानवी चूक' या दोन शब्दांत उरकण्याची पद्धत आहे. ती सोयीची आहे, कारण माणूस बदलता येतो आणि यंत्राचे पैसे देऊन झालेले असतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ या बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक विमान सुखरूप उतरविल्यावर पंखांच्या झडपा मिटविण्याऐवजी चाकेच मिटवून घेत आणि विमान पोटावर बसे. अनुभवी वैमानिकांच्या हातूनही हे घडे. आल्फोन्स चपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांची मने तपासण्याऐवजी त्यांची बैठक तपासली, तेव्हा दोन्ही कळा शेजारीशेजारी आणि दिसावयास एकसारख्या असल्याचे आढळले. सी-४७ या विमानात त्यांची मांडणी निराळी होती आणि त्याच्या वैमानिकांकडून ही चूक होत नव्हती. चपॅनिसने सुचविलेला उपाय पोरखेळ वाटावा इतका साधा होता : चाकांच्या दांड्याला चाकाच्या आकाराची मूठ आणि झडपांच्या दांड्याला पाचरीसारखी. अंधारातही हाताला फरक कळावा, एवढाच हेतू. प्रवासी विमानांत ती चाकाची मूठ आजही आहे. तिची किंमत आणि एका विमानाची किंमत शेजारीशेजारी मांडून पाहिली की वापरसुलभतेवरील खर्चाचे समर्थन करण्यासाठी वेगळे भाष्य लागत नाही.

तरीही कारखानदार आणि बँकचालक हा खर्च करण्यास कां कू करतात, आणि त्याला केवळ त्यांचा अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. खर्च कागदावर दिसतो, बचत दिसत नाही. समजा, एखाद्या मोठ्या बँकेत १,००० कारकून खिडक्यांवर बसतात आणि पडद्याची मांडणी वेडीवाकडी असल्यामुळे प्रत्येक व्यवहारास २० सेकंद जास्त लागतात. एका कारकुनाने दिवसाकाठी १५० व्यवहार केले तर त्याची ५० मिनिटे वाया गेली. हजारांचा हिशेब केला तर रोजचे ८३३ तास होतात. सात तासांच्या दिवसाने जवळपास ११९ माणसांचा पगार बँक केवळ पडद्यावर योग्य जागा शोधण्यासाठी मोजते आहे. परंतु 'पडद्यावर शोधाशोध' असे खाते कोणत्याही ताळेबंदात नसते. ती रक्कम आस्थापनाखर्चात विरघळते, चुकांची दुरुस्ती 'इतर' या खात्यात जाते, कंटाळून निघून गेलेला ग्राहक तर कोठेच नोंदला जात नाही. याउलट वापर-चाचणीसाठी मागितलेले काही लाख रुपये मात्र अंदाजपत्रकात एका स्वतंत्र ओळीत उभे राहतात आणि कात्री लावणाऱ्याच्या नजरेत पहिल्याने भरतात.

हा हिशेब संगणकाच्या आधीपासूनचा आहे आणि त्याचे उत्तम उदाहरण खुद्द महाराष्ट्रात घडले. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात दुष्काळांनी होरपळलेल्या भागांत कठीण खडकात विंधन विहिरी घेण्याची मोठी मोहीम सुरू झाली. त्यांवर बसविलेले ओतीव लोखंडाचे हातपंप हे युरोप-अमेरिकेतील शेतघरांसमोरच्या पंपांची नक्कल होते. एका कुटुंबाने दिवसातून काही बादल्या पाणी काढावे, हा त्यांच्या रचनेमागचा हिशेब. येथे पहाटेपासून अंधार पडेपर्यंत अख्खे गाव त्या दांड्याला लटकत होते. पंप मोडू लागले आणि मोडून तसेच पडू लागले. गावकऱ्यांना यंत्र वापरता येत नाही, असा ठपका अर्थातच तयार होता. विहीर खोदण्याचा खर्च पंपाच्या किमतीच्या कितीतरी पट. म्हणजे पंपावर वाचविलेल्या पैशांनी विहिरीवरचा सगळा खर्च पाण्यात, किंवा अधिक काटेकोरपणे बोलावयाचे तर बिनपाण्यात, घातला होता.

वाट सापडली ती जालना आणि सोलापूर येथे विहिरींच्या कामात गुंतलेल्या मंडळींच्या कार्यशाळांत. तेथे पंप मोडताना रोज पाहणारे लोक होते. त्यांनी पोलादाचा पंप घडविला. सोलापूरच्या पंपाला एकच आस दिली, तिच्यात बंदिस्त बॉल-बेअरिंग बसविले, आणि आडव्यातिडव्या ओढीने सळई वाकू नये म्हणून दांडा व सळई यांच्यामध्ये साखळी घातली. बाई उंच की ठेंगणी, दांडा ओढणारे पोर किती अचरट, याची धास्ती त्या पंपाला उरली नाही. युनिसेफ आणि भारत सरकार यांच्या प्रयत्नांतून सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंडिया मार्क टू' हा प्रमाणित हातपंप तयार झाला तो या सोलापुरी पंपावरून. पुढे तो लाखोंच्या संख्येने बसला आणि आफ्रिकेतही गेला. त्यातही एक उणीव राहिलीच होती. दुरुस्तीसाठी जड नळ वर ओढावे लागत आणि तालुक्याहून पथक येईपर्यंत गाव कोरडे राही. वापरणाऱ्यांत दुरुस्त करणाराही धरावयास हवा हे ध्यानात आल्यावर 'मार्क थ्री' आला, ज्यात नळ न काढता आतला भाग वर घेता येतो. स्वस्त पंपाने जो खर्च बुडविला तो महाग पंपाने वसूल केला, असा हा सरळ व्यवहार आहे.

नुकसान टाळणे ही झाली एक बाजू. सोय विकून नफाही मिळतो, याचा पुरावा आज कोणत्याही वडापावच्या गाडीवर टांगलेला सापडेल. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातील व्यवहारांची संख्या २,००० कोटींच्या वर गेली. या प्रसारात एका क्षुल्लक दिसणाऱ्या पेटीचा वाटा आहे. विक्रेत्याचे हात तेलाने माखलेले, समोर आठ गिऱ्हाइके, मोबाइल गल्ल्याखाली. पैसे आले की नाही हे त्याने पाहावे कसे? गिऱ्हाइकाने दाखविलेल्या पडद्यावर विश्वास ठेवावा तर फसगतीची भीती. तेव्हा रक्कम जमा होताच ती मराठीतून मोठ्याने सांगणारी पेटी आली. तंत्रदृष्ट्या तिच्यात अपूर्व असे काही नाही. परंतु ज्याने ती योजिली त्याने दुकानदाराचे हात पाहिले होते. आणि एरवी पैशापैशाचा हिशेब करणारा तो दुकानदार तिचे दरमहा भाडे भरतो.

आमची माणसे अनुभवी आहेत, ग्राहकाला काय हवे ते त्यांना ठाऊक आहे, मग चाचण्यांचे अवडंबर कशाला, असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेने १९६३ मध्ये बटनांचा टेलिफोन बाजारात येण्यापूर्वी अंकांच्या अनेक मांडण्या प्रत्यक्ष माणसांवर अजमावल्या होत्या. आज प्रत्येक मोबाइलवर १-२-३ वर असतात ते त्यामुळे. गणकयंत्रावर मात्र ७-८-९ वर असतात, आणि दोन्ही वापरणारा कारकून अजूनही अधूनमधून फसतो. अनुभवी माणसाच्या सदिच्छेवर विसंबल्यास काय होते ते २००० साली फ्लोरिडातील पाम बीच परगण्यात दिसले. उमेदवार बरेच, मतदारांत वृद्धांची संख्या मोठी. अक्षर मोठे असावे या चांगल्या हेतूने तेथील निवडणूक अधिकाऱ्यांनी नावे समोरासमोरच्या दोन पानांवर छापली आणि भोके पाडण्याची जागा मधोमध एकाच रांगेत ठेवली. डाव्या पानावर दुसरे नाव अल गोर यांचे, पण रांगेतील दुसरे भोक उजव्या पानावरील पॅट ब्यूकॅनन यांचे. ब्यूकॅनन यांना त्या परगण्यात ३,४०७ मते पडली, एकाहून अधिक भोके पडल्याने १९ हजारांवर मतपत्रिका बाद झाल्या, आणि साऱ्या राज्याचा, पर्यायाने अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा, निकाल ५३७ मतांनी लागला. छपाईपूर्वी ती मतपत्रिका पंचवीस वृद्धांच्या हाती देऊन ते काय करतात हे गुपचूप पाहिले असते, तर एका दुपारचे काम होते.

आपल्याकडील मतदान यंत्राच्या विश्वासार्हतेवर वाद होत आले आहेत आणि तो विषय स्वतंत्र आहे. परंतु त्याच्या तोंडवळ्याबद्दल तक्रार ऐकू येत नाही. नाव, चिन्ह, त्याच ओळीत निळे बटन, पेटणारा तांबडा दिवा आणि लांबलेला आवाज. पवईच्या आयआयटीमधील औद्योगिक अभिकल्प केंद्राचे ए. जी. राव आणि रवी पूवैया यांचा या रचनेत हात होता. ज्या मतदाराला अक्षर वाचता येत नाही त्याला डोळ्यांपुढे ठेवून ती झाली, म्हणून साक्षरालाही ती सोपी गेली.

मग त्याच देशात शासकीय संकेतस्थळावर एक दाखला मिळविण्यासाठी शेतकऱ्याला तालुक्याच्या सेवा केंद्रात पन्नास-शंभर रुपये मोजून दुसऱ्याकडून अर्ज का भरून घ्यावा लागतो? सेवा घरबसल्या मिळते, अशी जाहिरात शासन करते. प्रत्यक्षात घर आणि सेवा यांच्यामध्ये एक दुकान उभे राहते. त्या दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. अर्जाची रचना जेथे तुटते तेथे तो पूल बांधून बसलेला आहे आणि पुलाचा टोल घेतो आहे. 'कुटुंबातील कोणीही व्यक्ती शासकीय सेवेत नाही' या नकारार्थी वाक्यापुढे 'होय' लिहावे की 'नाही', हा प्रश्न सुशिक्षितालाही क्षणभर थांबवील. असा अर्ज चुकला की तो रद्द होतो, रद्द झाला की हेलपाटा पडतो, हेलपाट्यात रोजगार बुडतो. या बुडालेल्या रोजगाराचा आकडा खात्याच्या अंदाजपत्रकात कधीच येत नाही. निविदेत मात्र सर्वांत कमी दर देणारा निवडला म्हणून जनतेचा पैसा वाचल्याची नोंद होते.

येथवरचे सारे समर्थन नफ्यातोट्याच्या भाषेत झाले आणि व्यापाऱ्याशी त्याच भाषेत बोलावे लागते. परंतु या भाषेची एक मर्यादा आहे आणि वापरसुलभतेचे पुरस्कर्ते ती सहसा उच्चारीत नाहीत. माणूस पडद्यावर कोठे पाहतो, कोठे गोंधळतो, कोठे थकून माघार घेतो, हे ज्ञान दुधारी आहे. ॲमेझॉनचे 'प्राइम' सभासदत्व घेणे अगदी सोपे आणि सोडणे मुद्दाम अवघड केले, असा आरोप ठेवून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये खटला भरला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो २५० कोटी डॉलरांवर मिटला. सभासदत्व सोडण्याच्या त्या लांबलचक वाटेला कंपनीतील लोक 'इलियड' म्हणत असत, होमरचे महाकाव्यही असेच लांब म्हणून. भारतातही ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा फसव्या रचनांची यादी करून त्यांना मनाई केली. या जागी गैरसोय हा अपघात नसून उत्पन्नाचे साधन असते, आणि तेथे व्यापारी हिशेब वापरणाऱ्याच्या बाजूने लागेल अशी आशा करणे भाबडेपणाचे आहे. सिटीबँकेचा तोटा सिटीबँकेचाच होता म्हणून ती शहाणी होईल. जेथे तोटा केवळ दुसऱ्याचा आहे तेथे तो कायद्याने आणि दंडाने ओढून आणून कर्त्याच्या खात्यावर टाकावा लागतो.

सरकारी खाती, जिल्हा बँका, नगरपालिका यांच्यावर मात्र बाजाराचा धाक नाही आणि असा दंडही नाही. तेथे हिशेब जमतो तो खरेदीच्या क्षणी किंवा जमतच नाही. प्रणाली स्वीकारण्यापूर्वी ती प्रत्यक्ष वापरणाऱ्यांपैकी काही जणांनी, कोणीही न शिकविता, ठरलेली चार कामे ठरलेल्या वेळात करून दाखवावीत आणि त्याखेरीज शेवटचा हप्ता चुकता होऊ नये, एवढे एक कलम निविदेत घालता येण्यासारखे आहे. त्यासाठी परदेशी सल्लागार लागत नाहीत. अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था १९६१ पासून आणि पवईचे केंद्र १९६९ पासून या कामाची माणसे घडवीत आहेत. चाचणीला एक खोली, पाच-सहा माणसे आणि मध्ये न बोलता टिपणे घेणारा एक जण पुरतो. गडहिंग्लजच्या शाखेतील रोखपाल, मेळघाटातील ग्रामसेवक आणि स्वतःचा अर्ज स्वतः भरू पाहणारी एखादी विधवा यांना त्या खोलीत बोलावून घेण्याचा प्रवासखर्च प्रणालीच्या उद्घाटन समारंभातील हारतुऱ्यांहून अधिक होणार नाही.